आधी कडा बघ

आमच्या शेजारच्या काकांकडे फोटोंची पुस्तकं बघायला गेलं की आधी हात धुवून यावं लागतं. मग ते टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरतात आणि नवं पुस्तक त्यावर अलगद ठेवतात. कुणा तरुण मुलीने वर्षभर फक्त बसस्टॉपवर थांबलेल्या बायका टिपलेल्या असतात, कुणी बंद पडलेली दुकानं. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये काकांची अख्खी नोकरी एक्स-रे वाचण्यात गेली, म्हणून फोटोही ते तसेच वाचतात. "आधी कडा बघ. मधलं कुणालाही दिसतं," हे दर रविवारी ठरलेलं. मला ते खूळ वाटायचं. तरी मी जायचे, कारण इथे मराठीत रागावणारं दुसरं कुणी नव्हतं.

आई गेली तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काका, तिचा एकही धड फोटो नाही माझ्याकडे. सगळे फोटोला उभे राहायचे आणि ही वाढत असायची."

"घरचे जुने फोटो पाठव मला. सगळे," एवढंच ते म्हणाले.

गेल्या रविवारी गेले तर टॉवेल आधीच पसरलेला होता आणि त्यावर एक छोटं, घरी शिवलेलं पुस्तक होतं. आमच्या बारशांच्या, मुंजींच्या, दिवाळ्यांच्या फोटोंच्या नुसत्या कडा काकांनी मोठ्या करून छापल्या होत्या. मुखपृष्ठावर हिरव्या बांगड्यांचा एक हात होता, वरणाचा डाव धरलेला.

ते काही म्हणायच्या आत मी हात धुवायला गेले, आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.