मिरचीच्या वाफ्यावरचं गाणं

नव्वदच्या दशकात मी अकरावीत होते, तेव्हा एका पॉप गायिकेचं पहिलंच गाजलेलं गाणं आगाशीच्या बाजारात जिथे तिथे वाजत होतं. प्रेमाबिमाचं नव्हतंच ते. मी मला हवी तशी राहीन, असा त्याचा एकूण नूर. कॅसेटच्या कव्हरवर ती केस कापून, कमरेवर हात ठेवून उभी होती. मी ती कॅसेट आणली आणि गाणं इतकं घोकलं की घरचे कावले.

सगळ्यांत जास्त कावले मोठे काका. "आपल्या घरातली पोर असली गानी म्हननार नाय. परत तोंड उघडायचं नाय," असं म्हणून त्यांनी कॅसेटमधली टेप भराभर ओढून काढली. वर वाया कशाला घालवायची म्हणून पाखरं भिववायला ती वाडीतल्या मिरचीच्या वाफ्यांवर ताणून बांधली. रोज कॉलेजला जाताना माझं गाणं वाऱ्यावर फरफरताना दिसायचं. मी रडले नाही. राग मात्र असा आला की अजून पुरतोय.

पुढच्याच महिन्यात काकांच्या मुलीची हळद होती. आमच्याकडे हळदीला धवलारीण लागते, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. गावची धवलारीण माझी आत्याच, काकांची धाकटी बहीण. मांडवात सुरू केलेलं गाणं मधेच तोडायचं नाही, तोडलं तर नवरीला बाधतं, असं आमच्यात मानतात. आणि हे सगळ्यांत कडक पाळणारे आमचे काका.

तासाभराने आत्याचा घसा बसला. ती म्हणाली, "पोरींनो, कोनीतरी पुढचं घ्या गो."

मी घेतलं. सुरुवातीला हळदीच्या चालीवर देवांना आमंत्रण दिलं. काका खुशीत मान डोलावत होते. तिसऱ्या ओळीला मी सरळ कॅसेटवरचं गाणं धरलं.

काका ताडकन उठले. माझा आवाज खणखणीत निघत होता. आत्या जागेवरूनच म्हणाली, "दादा, मांडवातलं गानं हाय. लेकीच्या हळदीत तोडतोस?"

काका खाली बसले. मूळ गाण्यात ध्रुवपद शेवटी दोनदा येतं, मी चारदा घेतलं. नवरी हळदीच्या हातांनी टाळ्या पिटत होती.

लग्न पार पडल्यावर मी वाडीत गेले आणि वाफ्यांवरची टेप सोडवायला लागले. ती आता कुठल्याही यंत्रावर वाजणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण मी गाणं विकत आणलं होतं, बुजगावणं नव्हे.

काका पाण्याचा पाट वळवत होते. फावडं टेकवून म्हणाले, "पाखरं येतील."

"येऊ देत," मी म्हटलं, आणि गुणगुणत टेप गुंडाळत राहिले.