सकाळी आठची नोंद

पीएच.डी. धरणाच्या गाळावर आणि फेलोशिप समुद्रकिनाऱ्याची, हे कसं जुळलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. नव्या संशोधकांसाठी होती ती, एका वर्षाची. निम्मं वर्ष खाडीकाठी मोजमापं घ्यायची, उरलेलं निम्मं त्यावरून सरकारी धोरणासाठी टिपणं लिहायची. मुलाखतीत विचारलं, समुद्र किती वेळा पाहिलाय? मी म्हटलं, एकदा, शाळेच्या सहलीत, बसच्या खिडकीतून. तरी निवडलं. सहा महिन्यांनी मी हिंगणीला घरी आले तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "समुद्र तं तिकडं राह्यला, मंग पोरगी इथं बसून काय करून राह्यली?" आई म्हणाली, "टिपण लिहून राह्यली." दोघींचं समाधान झालं. माझं होत नव्हतं.

टिपण खरं तर लिहून, पाठवून झालं होतं. खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून तिकडे बांध घालतात आणि बांधाला लाकडी फळ्यांचं दार ठेवतात. भरतीला दार लावायचं, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडायचं. माझ्या बांधावर या कामाला एक म्हातारा राखणदार होता. दाराच्या आतल्या बाजूला, चिखलात, मी मोजपट्टी रोवली होती आणि दोन महिने रोज सकाळी ठीक आठला जाऊन पाणी किती चढलं, किती खारट झालं ते लिहून घेतलं.

आठलाच का, हा प्रश्न मला पडलाच नाही. बाबा बोर धरणावर पाण्याची पातळी नोंदवायला होते. सणवार असो, अंगात ताप असो, त्यांची नोंद सकाळी आठची. पट्टी वाचायला मी त्यांच्याकडून शिकले, तेही शाळेत जायच्या आधी.

माझ्या आकड्यांत काही दिवस पाणी कमी दिसत होतं, काही दिवस भरपूर आणि खारट. मी सरळ निष्कर्ष काढला: राखणदार अधूनमधून दार उघडंच टाकतो. वर एक वाक्य जोडलं, 'राखणदार केवळ सकाळी आठच्या सुमारास हजर आढळला.' ते खोटं नव्हतं. दुपारी किंवा संध्याकाळी तिथून जाताना मला दाराशी कुणी दिसलं नव्हतं. अधिकाऱ्यांना टिपण फार आवडलं. त्यांची मेल आली होती, या माणसाला कामावरून काढायचं ठरतंय, तुमचा निष्कर्ष पक्का असल्याचं आज संध्याकाळपर्यंत दोन ओळींत कळवा.

त्या दोन ओळी काही माझ्या हातून लिहून होईनात. का, ते सांगता येत नव्हतं. आकडे स्वच्छ होते. म्हातारा भला होता, पण भलेपणा काही पट्टीवर मोजता येत नाही. मी त्याच्यावर चिडले, मग स्वतःवर, मग चहात साखर कमी म्हणून आईवर.

बाबा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. स्क्रीनवरच्या आलेखावरून त्यांनी बोट फिरवलं.

"नोंद कितीले घेतली?"

"आठले. रोज."

त्यांनी खुशीत मान हलवली. मग बोट परत मागे नेलं.

"आन् हा माणूस गेट उघडं ठेवते म्हंतं तू?"

"हो. कंटाळा करते तो."

"कंटाळा करणाऱ्याची रेघ अशी राह्यत नाई, बाई. हे पाह्य, सात-आठ दिवस चढते, सात-आठ दिवस उतरते, मंग पुन्हा तसंच. इतक्या नेमानं तं मी बी कधी गेट उघडलं नाई. हे मानसाचं काम नोहे."

मी रेघेवरचे दिवस मोजले. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. हे मला ठाऊक होतं, मुलाखतीत मी ते धडाधड सांगितलंही होतं. पण हाताला वळण धरणाचं, जिथे पाणी तासातासाला बदलत नाही. मी रोज एकाच वेळी जात होते आणि समुद्र रोज वेगळ्या वेळी येत होता. एका सकाळी आठला ओहोटी, तर आठवड्याने त्याच आठला भरती. जुन्या फळ्यांच्या फटींतून पाणी आपलं आत-बाहेर करत होतं. दार उघडं टाकल्याचा काडीचाही पुरावा माझ्याकडे नव्हता.

फार लाज वाटली. बाबांना मात्र चूक आठ वाजताची होती हे सांगितलं नाही. ते अजून खुशीत होते.

मेल लिहिली. माझा निष्कर्ष चुकला, दोष फळ्यांचा आहे, राखणदाराचा नाही, त्याला काढू नका. फेलोशिपचं उरलेलं अर्धं वर्ष आता मिळेल की नाही, कोण जाणे. पाठवल्यावर त्या म्हाताऱ्याला फोन लावला. माफी कशी मागायची ते सुचेना, म्हणून कामाचंच विचारलं, दारावर तुम्ही किती वाजता येता?

"पाण्याच्या वेळेला," तो म्हणाला. "आज पहाटे, तर उद्या थोडं उशिरा. ठरलेली वेळ कुठली असणार, मॅडम?"

"मग मला रोज आठलाच कसे भेटायचात?"



"तुम्ही एकट्या चिखलात उतरायचात. पाय रुतला तर हात द्यायला कुणी नको? म्हणून यायचो."

फोन ठेवून मी पाठवलेली मेल पुन्हा उघडली. टिपणातल्या 'केवळ सकाळी आठच्या सुमारास हजर' या वाक्याबद्दल मी तिच्यात काहीच लिहिलं नव्हतं.