सातशे पासष्ट वॉट

माझा धाकटा भाऊ वायरमन आहे. गल्लीत सगळे त्याला वजाबाकी म्हणतात. कुणाच्याही घरी गेला की आधी काय काय काढायचं ते सांगतो. नवा गीझर बसवायला बोलवावं, तर हा जुना ओव्हनही बंद करायला लावून जातो. माणसं वैतागतात, पण बोलावतात त्यालाच. मात्र तो यायच्या आधी इस्त्री आणि हीटर पलंगाखाली ढकलून ठेवतात. इतका सरळ माणूस सख्खा भाऊ असला तरी सोसत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

त्याचा हिशेब साधा. भिंतीतली तार जेवढा भार सोसते, त्याहून नाजूक तार फ्यूजमध्ये घालायची. भार वाढला की ती आधी वितळते आणि भिंतीतली वाचते. आमच्या अख्ख्या घराला एकच लाइन, पाच अँपिअरची. पाच गुणिले दोनशे तीस, साडेअकराशे वॉट. आणि एखादी वस्तू सतत चालणार असेल, तर पाचवा हिस्सा सोडून द्यायचा. उरले नऊशे वीस.

यजमानांची फुप्फुसं गेली तेव्हा दवाखान्यातून त्यांना घरी पाठवलं, सोबत हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन. ते क्षणभरही बंद ठेवायचं नाही असं बजावलं होतं. वीज गेलीच तर म्हणून एक छोटं सिलिंडर दिलं. ते पन्नास मिनिटं पुरणार होतं.

सकाळी मशीन सुरू झालं. दुपारी भाऊ आला तो कानाला पेन्सिल लावूनच. प्रत्येक वस्तूच्या पाठीमागची पट्टी वाचत घरभर फिरला. मशीन साडेतीनशे, फ्रिज दोनशे, पंखा पंचाहत्तर, माझ्या शिलाई मशीनची मोटर शंभर, दिवे चाळीस.

"सातशे पासष्ट. बसतंय, ताई. इस्त्री आणि पाण्याचा रॉड?"

"माळ्यावर टाकलेत कधीच," मी म्हणाले.

रॉड खरंच माळ्यावर होता. इस्त्री स्वयंपाकघरात ओट्याखाली होती आणि अजून गरम होती. चादरीची एक सुरकुतीसुद्धा यांच्या पाठीला टोचायची, म्हणून मी सकाळपासून चादरींवर ती फिरवत होते. साडेसातशे वॉटची. बेरीज पंधराशेच्या वर जात होती, एवढं गणित मलाही येतं. पण तो ती उचलून घेऊन गेला असता. मी खोटं बोलले.

तो निघणारच होता, पण सवयीप्रमाणे त्याने बोर्डावरच्या भिंतीला तळवा लावला आणि तसाच उभा राहिला.

"भिंत तापलीय."

मेन स्विचजवळ जाऊन त्याने फ्यूज हातभर अंतरावरून बघितला. चेहरा पडला त्याचा. "ताई, ह्यात तार दुहेरी आहे. कुणी घातली?"

"तूच. अकरा वर्षं झाली."

इस्त्री आणि रॉड एकदम लावले की फ्यूज जायचा आणि मी त्याला हातातलं काम टाकून यायला लावायची. एके दिवशी माझ्या तोंडाचा पट्टा असा सुटला की शेवटी तो म्हणाला, "बरं बाई," आणि तार दुहेरी करून गेला. दुसऱ्या कुणासाठी त्याने जन्मात असं केलं नव्हतं. त्यानंतर फ्यूज एकदाही गेला नाही. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

"म्हणजे अकरा वर्षं भिंतीतली तार भाजतेय," तो म्हणाला. "नऊशे वीस चांगल्या तारेसाठी असतात. ह्या तारेसाठी किती, ते मलाच सांगता येणार नाही."

तेवढ्यात बोर्डातून धूर निघाला. जळक्या रबराचा वास घरभर पसरला. त्याने झटकन मेन स्विच पाडला. मशीन थांबलं आणि त्याची शिट्टी वाजू लागली. मी यांची नळी सिलिंडरला जोडली. शेजारच्या घराला कुलूप होतं, खालचं गोदाम बंद. दवाखान्याची गाडी दोन तासांनी येऊ शकेल असं फोनवर कळलं.

मीटरपासून पलंगापर्यंत नवी जाड तार ओढायची, एवढाच मार्ग होता. त्याने पिशवीतलं वेटोळं काढून मापलं. नऊ मीटर. लागणार होती तेरा. मध्ये जोड दे म्हणून मी ओरडले.

"जोड नाही देणार," तो म्हणाला. "तुझं ऐकून एकदा केलं ना! पलंग ओढ."

दोघांनी मिळून यांच्यासकट पलंग दारापर्यंत ओढला. स्वयंपाकघरातून जाताना ओट्याखालची इस्त्री पायात आली. त्याने ती पाहिली, तिला हात लावून पाहिला आणि ती पायानेच बाजूला सारली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो भराभर खिळे ठोकत होता आणि मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत होते. यांच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदवरून खाली येत होता. काटा शून्यावर टेकला तेव्हा तारेची दोन टोकं जोडायची राहिली होती. आकडा बहात्तर. यांचे ओठ निळे पडले. देवाशपथ, मी त्या वेळी भावाच्या पाया पडले.

मशीन घरघरलं. आकडा हळूहळू चढला, चौऱ्याऐंशीपर्यंत, आणि तिथेच थांबला.

भाऊ पलंगाशी गुडघे टेकून बसला. "दाजी, चूक माझी. दुहेरी तार मी घातली होती."

यांनी माझ्याकडे बोट केलं आणि एकेक शब्द तोडत म्हणाले, "हिनं... घालायला लावली. मी तिथेच होतो. मलाही... गरम पाणी हवं होतं."

पुढे आकडा चौऱ्याऐंशीच्या वर गेला नाही. फुप्फुसंच संपलीत, त्या दुपारने फरक पडला नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते खरंही असेल. मला ते पटत नाही आणि माझ्या भावालाही नाही.

सातव्या दिवशी सकाळी, दारातच, यांचा श्वास थांबला. डॉक्टर येऊन सांगून गेले. माणसं जमली. मशीन तसंच घरघरत होतं, रिकाम्या नळीतून वारा सुटत होता. कुणीतरी भावाला म्हणालं, ते बंद कर. तो बटनापर्यंत गेला, बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. त्याच्याने होईना. रडत रडत तो मला म्हणाला, "ताई, मशीन नीट चालतंय गं."

मग मीच बंद केलं.