चहाच्या डब्याची किल्ली

मंडळी, आत्ताच मस्कतजवळ माबेलाला घरी पोहोचलोय. पाठ पार मोडलीय, तरी हे लिहितोय.

मी घरसामान पॅक करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. आज मस्कतमध्ये एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंचा व्हिला रिकामा केला. त्या कायमच्या इंग्लंडला चालल्यात.

शोकेसमध्ये चहापत्ती ठेवायचा चांदीचा डबा होता, दोनेकशे वर्षं जुना. आणि त्याला चक्क कुलूप! बाई हसत म्हणाल्या, "तेव्हा चहा फार महाग होता. नोकरांनी चोरू नये म्हणून मालकीण किल्ली स्वतःजवळ ठेवायची."

पॅक करण्याआधी आम्हाला डबा उघडून बघावाच लागतो. बाई किल्ली शोधून शोधून दमल्या.

मग त्यांचे स्वयंपाकी, आपल्या गुहागरचे जोशीकाका, पुढे आले. शर्टाच्या आत हात घालून त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली सोडली. "मॅडम, मी कामाला लागलो तेव्हा तुम्हीच दिली होतीत. हरवू नकोस म्हणालात."

तेवीस वर्षं! बाई साफ विसरल्या होत्या. डबा उघडला, तर आतूनही लख्ख घासलेला.

मी यादीत लिहिलं, डबा एक, किल्ली एक. खोका बंद, खलास.

काका परवा गावी चाललेत, कायमचे. निघताना आम्हाला सोडायला गेटपर्यंत आले. बोलता बोलता त्यांचा हात सारखा छातीशी जात होता, जानवं चाचपत होता.

मी नुसता हात मिळवला आणि गाडीत बसलो. तुम्ही काय बोलला असता?