पाण्याच्या टँकरमागे वहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला आमच्या सोफ्यांच्या दुकानात होते. "शोभा, तुझी वहिनी जेवून आडवी झाली होती... उठलीच नाही." मी समोरच्या गिऱ्हाइकाची समजूत घातली, शटर ओढलं आणि बदलापूर गाठलं. कुळगावात घरासमोर तिचा ट्रक उभा होता, सकाळचीच फेरी करून आलेला. याला आता दीड महिना झाला. रडून झालंय. आता लिहावं म्हणते, कारण सुनंदावहिनीत रडण्यासारखं फारसं काही नव्हतं.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर ती ट्रक चालवायला लागली. दादाची कंबर गेली, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली आणि ट्रक नुसता दारात उभा राहिला, म्हणून. ट्रक लहानच, पण कुणी त्याला टेम्पो म्हटलं की वहिनीचा पारा चढायचा. चालवायची ती छान. घोटाळा व्हायचा रस्त्यांचा. चौक आला, मागून हॉर्न सुरू झाले की तिच्या पोटात गोळा यायचा आणि दिसेल त्या रस्त्याला ती गाडी घालायची. फोनमधली बाई रस्ता सांगायची, पण तो स्कूटरचा. एकदा त्या बाईचं ऐकून वहिनी थेट हळदीच्या मांडवापुढे जाऊन अडकली. शेवटी बँडवाल्यांनी वाजवत वाजवत तिला ट्रक रिव्हर्स काढून दिला. दादा मात्र चिडला. त्याला जन्मात कुणाला रस्ता विचारावा लागला नव्हता. "उद्या पालेगावची फेरी धड करून ये," तो म्हणाला, "नाहीतर संध्याकाळी ट्रक घ्यायला माणूस येतोय, किल्ली त्याला."

सोफे माझ्या दुकानातले, म्हणून मी शेजारी बसले. वहिनीला रस्ता सांगायचा नाही, असं दादाने मला बजावलं होतं. मला तो माहीतही नव्हता. अंबरनाथला आलो आणि वहिनीने गाडी बाजूला घेतली.

"शोभा, माझे पाय थरथरतायत गं."

"थरथरू देत. क्लचवर ठेव म्हणजे झालं."

तेवढ्यात शेजारून पाण्याचा टँकर गेला आणि वहिनीचा चेहरा उजळला. "पालेगावात सगळ्या नव्या बिल्डिंगा. टँकरशिवाय तिथं कुणाची आंघोळ होत नाही. आणि टँकर मावतो तिथे आपण मावतोच!" मलाही ते पटलं. आम्ही टँकरच्या मागे लागलो. तिचे पाय शांत झाले, ती गुणगुणायलाही लागली. बदलापूर आलं आणि गेलं. बिल्डिंगा संपल्या, शेतं लागली. "पालेगाव बरंच आत आहे गं," वहिनी म्हणाली... वांगणीच्या अलीकडे तो टँकर एका विहिरीपाशी थांबला. तो रिकामा होता, पाणी भरायला निघालेला! पुढे टँकर, मागे टँकर आणि मधे आम्ही, सोफे घेऊन.

एक टँकरवाला, बाळू, खिडकीशी आला. "काय ताई, सोफ्यात किती लिटर भरू?"

सगळी रांग हसली. मला वाटलं, आता ही रडणार. वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. डोळे पुसत म्हणाली, "भरा की. पण आधी सांगा, भरून पालेगावला कोण जातंय?"

"मीच. पण ताई, मागे चिकटू नका. पाणी सांडत जातं, ती ओली रेघ बघत या."

सोफे उशिरा, पण पोचले. संध्याकाळी घरी तो ट्रक घेणारा माणूस बसलेला. वहिनीने किल्ली पर्समध्ये टाकली आणि त्याला म्हणाली, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका हं."

त्यानंतर अनोळखी ठिकाणी जायचं असलं की ती टँकर शोधायची आणि आधी ओरडून विचारायची, "भरलेला की रिकामा?" तिचं ते खणखणीत ओरडणं ऐकून आम्ही धरून चाललो, की भीती गेली.

दहाव्याला बाळू आला. दादाशेजारी बसून म्हणाला, "ताईंचा रोज सकाळी फोन असायचा. बाळूभाऊ, पोटात गोळा आलाय, जरा बोल काहीतरी. मी काहीबाही बोलायचो, पाण्याचं, पोरांचं. मग म्हणायच्या, चल, निघते."

"रोज?" दादाने विचारलं. "कधीपर्यंत?"

"गेल्या त्या सकाळीसुद्धा."

दादा उठला आणि बाहेर ट्रकपाशी जाऊन उभा राहिला.

परवा मी विषय काढला, ट्रकचं काय करायचं. तो कंबर धरून केबिनमध्ये चढला. सीट इतकी पुढे ओढलेली, की त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडकले. मला वाटलं, सीट मागे सरकवेल. तो तिला हात न लावता तसाच खाली उतरला.

"तू बस. तुझ्या मापाची आहे."

"मला कार येते, दादा. ट्रक नाही."

"शिकवतो."

चढले. तिची ठिपक्यांची उशी तशीच होती आणि पाय बरोबर क्लचवर पोचत होते.

"दादा, मला भीती वाटतेय."

"मग?" दादा म्हणाला. "तिलाही वाटायचीच की."