जमिनीच्या मालकाची मांडी

सालेकशाजवळच्या आमच्या धानाच्या शेतात शिकारी चोरून फासे लावत. वडील रोज सकाळी ते उपटून टाकत. चितळं धान खातात म्हणून मी मात्र शिकाऱ्यांना गुपचूप होकार दिला होता. रिवाजाप्रमाणे जमिनीच्या मालकाला शिकारीतली एक मांडी मिळे. ती मी बाजारातलं बकऱ्याचं मटण म्हणून घरी देत असे.

एकदा फाशात गाभण हरणी मेलेली दिसली. ती न्यायला आलेल्या शिकाऱ्याला वडिलांनी अडवलं, "माह्या वावरात काऊन घुसून राहिला रे?"

तो हसला. "पोराले विचारा, बाबाजी. मांडी तं तुमीबी खाल्ली."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मरेपर्यंत त्यांनी त्या शेतात पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि मलाही माफी मागता आली नाही.