तीन अक्षरं आणि घरजवाई

आमच्या घरजवायाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, जगात एकच काम येत होतं. त्याला इंग्रजीतली कोणतीही तीन अक्षरं द्यायची. तो डोळे मिटणार, ओठ हलवणार आणि ती तिन्ही अक्षरं ज्यात येतात असा हातभर लांब इंग्रजी शब्द काढून दाखवणार. शब्द जितका लांब तितकी त्याची मान ताठ. एवढ्या भांडवलावर हा माणूस आमच्याकडं वर्षानुवर्षं जेवला.

नाव शालीकराम. नागपुरात मॅट्रिकला दोनदा बसला, दोन्हीदा आपटला. नापास झालो असं तो कधी म्हणाला नाही. पेपर तपासणाऱ्याला आपले शब्द झेपले नाहीत, असं म्हणायचा. आणि माझ्या बापानं, मनिराम पाटलानं, ते खरं धरलं. इंग्रज देश सोडून गेले त्याच साली माझ्या बापानं इंग्रजी घरात आणून बसवलं. माझ्या बहिणीचं, रुख्माचं लग्न त्याच्याशी लावलं, जवायाला आमच्या शेजारीच घर देऊन गावात ठेवून घेतलं, आणि तलावाखालची सगळ्यात चांगली बांधी, म्हणजे धानाचं शेत, रुख्माच्या नावानं केली. ती बांधी रुख्माच कसायची. जवाईबापू शेताच्या धुऱ्यावर छत्री घेऊन उभे राहायचे, तेही ऊन नसलं तर.

आमच्याकडं जवायाचा मान मोठा. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही, आणि तो बोलत असला तर मधे तोंड घालत नाही. जवाई शहाणा असला तर ही रीत बरी वाटते. आमचा जवाई पाटावर बसला की ताटाला हात लावायच्या आधी म्हणायचा, "सांगा अक्षरं." भात निवतो आहे, मी दिवसभर चिखलात राबून आलो आहे, आणि हे महाराज अक्षरं मागताहेत. आमच्या घरात इंग्रजी कोणाला येत होतं? मी गोंदियाच्या बाजारात गेलो की मालगाडीच्या डब्यावरची, धानाच्या पोत्यावरची अक्षरं लोकांना विचारून पाठ करून आणायचो. जेवायला मिळावं म्हणून.

एकदा डब्यावरची बी, एन, आर ही तीन दिली. त्यानं 'इनकॉम्प्रिहेन्सिबिलिटी' काढला. म्हणताना तोंडातून थुंकी उडाली ती माझ्या वरणात पडली. बाबा धन्य होऊन माझ्याकडं पाहत होते. मी विचारलं, भाऊजी, याचा अर्थ काय? तर म्हणे अर्थ डिक्शनरीत राहते, तो डोक्यात कायले ठेवायचा. हे त्याचं सगळं शिक्षण.

हसून सोडून दिलं असतं. घरोघरी एखादा असा ऐतखाऊ असतोच. पण मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, आणि तिच्या मागोमाग आमचा तलाव सरकारजमा झाला. आधी पाऊस दगा देऊ लागला की गावातली चार माणसं बसायची, पाण्याची पाळी ठरवायची आणि तुडूम उघडायची. तुडूम म्हणजे तलावातून पाटात पाणी सोडायचं दार. आता त्या दाराला सरकारी कुलूप बसलं. साहेबाच्या हुकमाशिवाय एक थेंब सोडायचा नाही, असं कोतवाल दवंडी देऊन सांगून गेला.

त्या साली आश्विनात पाऊस गेला तो गेलाच. माझा धान हलका, लवकर येणारा. तो कसाबसा हाती लागला. रुख्माचा धान भारी, उशिरा येणारा. तो नुकता पोटरीत आला होता. अशा वेळी एक पाणी मिळालं तर लोंब्या भरतात, नाही मिळालं तर नुसती तणस, जनावरांपुढं टाकायची. रुख्मा रोज सकाळी बांधीत जाऊन भेगेत बोट घालून पाहायची. त्या बांधीवर तिचं घर चाललं होतं. नवऱ्याच्या शब्दांवर चुलीत लाकूड जळत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? ती तक्रार करायची नाही, एवढाच तिचा दोष.

तेवढ्यात कळलं की तलाव पाहायला साहेब येणार. गावानं ठरवलं, साहेबाशी जवाईबापूनं बोलायचं, कारण इंग्रजी त्यांनाच येतं. आणि बोलायचं होतं किती? धान पोटरीत आहे, कुलूप उघडा, पाणी सोडा. माझी गायसुद्धा हंबरून सांगेल एवढं. पण शालीकरामनं पटवाऱ्याकडून साहेबाच्या नावाची अक्षरं आणली. एम, जी आणि टी. मग तो डिक्शनरी घेऊन ओसरीवर बसला. ही तिन्ही ज्यात आहेत तेच शब्द साहेबापुढं वापरायचे, म्हणजे साहेब खूश होईल, असा त्याचा बेत. पाण्याचा शब्द त्यात आहे का, असं रुख्मानं दारातून विचारलं. पाणी लहान शब्द आहे, असं त्यानं सांगितलं.

साहेब आला. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळं गाव हात जोडून उभं. शालीकराम कोट घालून पुढं झाला आणि सुरू. मिसअंडरस्टँडिंग. मिसमॅनेजमेंट. अ‍ॅकनॉलेजमेंट. एकाला एक जोडून फेकत होता, मधे मधे 'ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट' लावत होता. साहेब आधी गोंधळला. मग शालीकरामनं आपली युक्ती उलगडून सांगितली, तशी त्याची कळी खुलली. आता साहेब शहाणा निघावा की नाही? पण नाही, तोही त्याच मातीचा. त्यानं काठी बगलेत धरली आणि उलट अक्षरं दिली. एक्स, वाय, पी. यानं 'ॲप्रॉक्झिमेटली' काढला. मग यानं जे, डी, सी दिली. साहेबानं 'ज्युरिस्डिक्शन' काढला. दोघं टाळ्या देत होते. भेगाळलेल्या बांधीच्या काठावर दोन शिकलेली माणसं पोरांसारखी खेळत होती आणि गाव समजत होतं की पाण्याची बोलणी चालू आहेत.

मला राहवलं नाही. मी पुढं होऊन म्हणालो, "साहेब, पाणी..."

शालीकरामनं हात आडवा केला. "दुधराम, थांबा. इंग्रजी चालू आहे."

मी तरी थांबणार नव्हतो, पण बाबांनी मागून माझं धोतर धरलं. जवाई बोलून राहिला, तू काऊन मधात घुसतं, असं दातओठ खाऊन पुटपुटले. साहेबानं घड्याळ पाहिलं. शालीकरामच्या पाठीवर थाप मारली, इतक्या हुशार माणसाच्या गावात काही अडचण नसणारच, असं चक्क मराठीत म्हणाला आणि जीपमध्ये बसून निघून गेला. मराठीत. म्हणजे त्याला सगळं कळत होतं, कोणी सांगितलं असतं तर.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे जण गोंदियाला गेलो. साहेब दौऱ्यावर. परत गेलो, परत दौऱ्यावर. कुलूप तोडायची भाषा झाली, पण सरकारी कुलपाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. पाणी सोडायचा हुकूम आला तेव्हा रुख्माच्या बांधीत बैल चरत होते. या सगळ्या काळात शालीकराम चावडीवर बसून साहेबानं थाप मारली ती जागा लोकांना दाखवत होता.

आमच्याकडं नव्या तांदळाचा पहिला भात, ज्याला आम्ही नवा म्हणतो, तो दरवर्षी रुख्माच्या घरी व्हायचा, तिच्याच बांधीतल्या तांदळाचा. त्या साली मी माझ्या हलक्या धानाचे तांदूळ नेऊन दिले. बाबा, मी आणि जवाईबापू पाटावर बसलो. रुख्मानं बाबांना वाढलं, मला वाढलं. नवऱ्यापुढं ताट ठेवलं, ते रिकामंच. त्याचं लक्षही गेलं नाही. त्यानं बाह्या सावरल्या आणि म्हणाला, "सांगा अक्षरं."

या वेळी मी अक्षरं दिली नाहीत. बाबा माझ्याकडं पाहू लागले. तेव्हा रुख्मा आत गेली. दरवर्षी ज्यात ती आपला धान भरायची ते पोतं घेऊन आली. रिकामं. तिनं ते त्याच्या ताटापुढं पसरलं आणि त्यावरच्या काळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा अक्षरं दिली.

"एफ, सी, टी," त्यानं वाचलं. डोळे मिटले, ओठ हलवले. बायको शेवटी रंगात आली म्हणून गालातल्या गालात हसला. "सेल्फ-सॅटिस्फॅक्शन." मग बोटांवर मोजून म्हणाला, "सोळा अक्षरं आहेत. वाढ आता."

"सोळा हायेत ना," रुख्मा म्हणाली, "मंग तेच खा. माह्या बांधीत दुसरं काई पिकलं नाई."

तिनं भाताचं भांडं झाकलं आणि चुलीकडं जाऊन बसली. तिचा आवाजही चढला नव्हता. शालीकराम सासऱ्याकडं पाहू लागला. आता बाबा मुलीला रागावतील आणि आपल्याला भात मिळेल, अशी त्याची खात्री होती. त्या निर्लज्जाला तेव्हाही भूक लागली होती.

बाबांनी त्या रिकाम्या पोत्याकडं पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली, भात कालवला आणि जवायाच्या आधी पहिला घास स्वतः घेतला.